टॅब आल्यावर मुलं खरंच जास्त शिकली, हे ओळखायचं कसं?

2023 साली स्वीडनच्या सरकारने शाळांमध्ये छापील पुस्तकं परत आणण्यासाठी खास पैसा काढला. मुलं पडद्यासमोर फार वेळ घालवतात आणि त्यांचं वाचन मागे पडतंय, ही त्यामागची काळजी होती. त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालाने सांगितलं, की शिक्षणात तंत्रज्ञानाचा नेमका किती फायदा होतो याचे भक्कम पुरावे फार थोडे आहेत. दुसरीकडे डिजिटल फळे, टॅब, सरावाची अ‍ॅप आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'शिक्षक' जगभरच्या वर्गांत येतच आहेत. प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर गुणवाढीचा एखादा आलेख असतोच. खरेदीवर सही करणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि फी भरणाऱ्या पालकांनी यातलं काय खरं धरायचं?

गोंधळाची सुरुवात प्रश्नापासूनच होते. 'तंत्रज्ञानाने शिकणं सुधारतं का?' असं विचारलं तर उत्तर मिळणं शक्यच नाही. भिंतीवरचा फळा, एकेका मुलाच्या पातळीनुसार गणितं देणारं सॉफ्टवेअर आणि नुसता लॅपटॉप या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर मिळू शकेल असा प्रश्न लांबलचक असतो: कोणत्या मुलांना, कोणता घटक शिकताना, कशाऐवजी, आठवड्याला किती मिनिटं हे साधन दिलं, आणि कोणत्या चाचणीत, किती दिवसांनी फरक दिसला? यातलं 'कशाऐवजी' सगळ्यात जास्त विसरलं जातं. निकाल मात्र बऱ्याचदा त्यावरच ठरतो.

'शिकणं' म्हणजे काय, तेही आधी ठरवून घेऊ. साधन बाजूला ठेवल्यावर, कुणाची मदत नसताना, काही आठवड्यांनी मुलाला ती गोष्ट करता आली तर ते मूल शिकलं. पडद्यासमोर बसून बरोबर उत्तर देणं ही त्याच्या अलीकडची पायरी आहे.

आधी 11, नंतर 16: एवढं पुरत का नाही?

समजा, वर्षाच्या सुरुवातीला वर्गाची गणितातली सरासरी 25 पैकी 11 होती. टॅब आले. वर्षअखेरीस सरासरी 16 झाली. वाढ पाच गुणांची. पण टॅब नसते तर सरासरी 11 वरच थांबली असती का? मुलं वर्षभर शाळेत आली, शिक्षकांनी शिकवलं, मुलं एका वर्षाने मोठी झाली. कदाचित टॅबशिवायही 16 झाली असती, कदाचित 17.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नवं खत घातलं त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, तर वाढलेलं पीक खताच्या नावावर मांडता येत नाही. त्यासाठी त्याच शिवारात, त्याच पावसात, खत न घातलेला वाफा शेजारी हवा. कोणत्या वाफ्याला खत द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवायची रीतही शेतीच्याच संशोधनातून रुजली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड प्रयोगकेंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात ती पद्धतशीर मांडली. आज शिक्षणातले सगळ्यात विश्वासार्ह अभ्यास त्याच रीतीने होतात. साधन न मिळालेल्या मुलांच्या गटाला तुलना गट म्हणतात.

आधी-नंतरच्या आकड्यांत आणखी एक फसगत असते आणि ती सहज लक्षात येत नाही. एका चाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली दहा मुलं निवडली आणि त्यांना अ‍ॅप दिलं. त्या दहांतली काही खरोखर कच्ची असतात. काहींना त्या दिवशी ताप होता, काहींचा नेमका नको तोच प्रश्न आला होता. पुढच्या चाचणीत अशा मुलांचे गुण आपोआप थोडे वर येतात, अ‍ॅप असो वा नसो. 'कच्च्या मुलांना सर्वाधिक फायदा' असे आलेख पाहताना पहिली शंका हीच घ्यावी.

सोडतच का?

तुलना गट हवा, हे पटलं तरी तो कसा निवडायचा हा प्रश्न उरतो. 'ज्या शिक्षकांना हौस आहे त्यांचे वर्ग' आणि 'बाकीचे वर्ग' अशी तुलना केली तर आपण हौस मोजतो. 'ज्या मुलांनी अ‍ॅप रोज 30 मिनिटं वापरलं' त्यांची तुलना इतरांशी केली तर चिकाटी मोजतो, कारण सांगितलेला सराव नेमाने पूर्ण करणारी मुलं वहीवरही तो पूर्ण करतात. कंपन्यांच्या अहवालांत ही दुसरी तुलना वारंवार दिसते. तळटीप उघडून पाहिली की कळतं, ठरवलेला वेळ पूर्ण करणारी मुलं मुळात मूठभरच होती.

सोडत काढली की हौस, चिकाटी, घरची परिस्थिती आणि आधीची तयारी दोन्ही गटांत साधारण सारखी वाटली जाते. नंतर हिशेब करतानाही सोडतीत नाव निघालेलं प्रत्येक मूल साधनाच्या गटातच धरायचं, मग ते अर्ध्यातून गळालं असलं तरी. गळालेल्यांना वगळलं की चिकाटीचा प्रश्न मागच्या दाराने परत आत येतो.

कशाऐवजी?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गुजरातमधलं आहे. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी 2008 मध्ये एका संस्थेच्या शाळांतला अभ्यास मांडला. गणिताचं सॉफ्टवेअर तेच, वापरण्याचे प्रकार दोन. एका प्रकारात नेहमीच्या शिकवण्याचा काही वेळ काढून मुलांना संगणकावर बसवलं. दुसऱ्यात शाळेच्या वेळेबाहेर जास्तीचा वेळ दिला. जास्तीच्या वेळेत मुलं पुढे गेली, तुलना गटापेक्षा 0.28 इतकी. शिकवण्याचा वेळ काढून घेतला तिथे ती मागे पडली, 0.57 इतकी. (हे आकडे कसे वाचायचे ते पुढे येईल, आत्ता चिन्ह पाहा. एक अधिक, एक उणे.) त्या शाळांत शिक्षकांची शिकवण्याची पद्धत चांगली बसलेली होती आणि सॉफ्टवेअरने तिचीच जागा घेतली.

दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन या संशोधकांनी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निकाल दणदणीत निघाला. 619 मुलं होती. सोडतीत नाव निघालेल्यांना शाळेनंतर सॉफ्टवेअरच्या मदतीने शिकवणाऱ्या केंद्रात साडेचार महिने मोफत प्रवेश मिळाला. तुलना गटापेक्षा ती गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 इतकी पुढे गेली. यातलं बरंचसं श्रेय सॉफ्टवेअरच्या एका गुणाला जातं: ते प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीचे प्रश्न देत होतं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि वर्गात मात्र सहावीचंच शिकवलं जात होतं. अशा वर्गात एका शिक्षकाने प्रत्येकासाठी वेगळा धडा घेणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. यंत्राला ते जमतं. पण हेही ध्यानात ठेवायला हवं, की केंद्रातली रोजची 90 मिनिटं शाळेपेक्षा जास्तीची होती आणि त्यातली निम्मी छोट्या गटात माणसाने शिकवण्यात जात होती. म्हणून हा निकाल त्या पूर्ण केंद्राचा आहे. तेच सॉफ्टवेअर गणिताच्या तासिकेत शिक्षकाच्या जागी लावलं तर हाच आकडा येईल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

पेरूमध्ये उलट झालं. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' योजनेखाली ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटले गेले. 319 शाळांच्या अभ्यासात दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण 0.12 वरून 1.18 वर गेलं. सुमारे 15 महिन्यांनी तपासलं तेव्हा गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. यंत्र पोचलं, पण कोणत्या धड्याला ते कसं वापरायचं हे शिकवण्यात उतरलंच नाही. केनियात प्राथमिक वाचनावर झालेल्या अभ्यासाने आणखी पुढचा प्रश्न घेतला. चांगली पुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण असा कार्यक्रम आधीच होता. त्यावर काही ठिकाणी मुलांना ई-रीडर, काही ठिकाणी शिक्षकांना टॅब, तर काही ठिकाणी पर्यवेक्षकांना टॅब दिले. मुलं सगळीकडे सुधारली, पण उपकरणांनी मूळ कार्यक्रमावर म्हणण्याजोगी भर घातली नाही. खर्च मात्र वाढला. टॅबची तुलना 'काहीच नाही' याच्याशी केली असती तर टॅब जिंकले असते. तेवढ्याच पैशांत होऊ शकणाऱ्या दुसऱ्या चांगल्या गोष्टीशी तुलना केली, म्हणून खरं चित्र दिसलं.

गुण वाढले, शिकणं घटलं: असं होतं?

होतं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही शंका आता रोजची झाली आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सराव करताना काहींना थेट उत्तर देणारा चॅटबॉट दिला, काहींना इशारे देऊन विचार करायला लावणारा, आणि काहींना फक्त वही-पुस्तक. सरावातली कामगिरी पहिल्या गटात 48 टक्क्यांनी आणि दुसऱ्यात 127 टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून परीक्षा घेतली. थेट उत्तरं मिळालेला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा 17 टक्के खाली गेला. इशारे मिळालेल्या गटाचं नुकसान झालं नाही, पण सरावातली ती घोडदौड परीक्षेत दिसलीही नाही. सरावाचे आकडे पाहून कुणी खरेदी केली असती तर थेट उत्तर देणारा चॅटबॉटही वही-पुस्तकापेक्षा सरस वाटला असता.

अ‍ॅपच्या आत काय घडतं ते एका प्रश्नावर पाहू. पडद्यावर विचारलंय: 3/4 + 1/8 किती? खाली चार पर्याय: 4/12, 7/8, 4/8, 3/32. मूल पहिला पर्याय दाबतं. चूक. तिसरा दाबतं. चूक. दुसरा दाबतं, हिरवी खूण आणि टाळ्या. नोंदीत 'प्रश्न पूर्ण' असं येतं. ज्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक दाबाची वेळ नोंदवली जाते, तिथे तीन उत्तरांत मिळून पाच-सहा सेकंद गेलेले दिसतात. एवढ्या वेळात छेद समान करून होत नाही. म्हणजे मूल नुसत्या अंदाजाने दाबत होतं. त्याच मुलाला कागदावर विचारा: '1/2 मोठा की 3/8? चित्र काढून दाखव.' आता पर्याय नाहीत, टाळ्या नाहीत, आणि उत्तर कसं आलं ते चित्रात दिसतं.

म्हणून मोजमापाची चाचणी अ‍ॅपमधली नसावी आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी काढलेलीही नसावी. प्रश्नांची ठेवण ओळखीची असली की गुण फुगतात. याचं दुसरं टोकही असतं. दिल्लीच्या अभ्यासात स्वतंत्र चाचणीत गणितातली मोठी वाढ दिसली, पण शाळेच्या त्या-त्या इयत्तेच्या गणिताच्या परीक्षेत ती दिसली नाही. सहावीतलं मूल तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलं तर तो मोठा पल्ला आहे, पण सहावीच्या पेपरला तो दिसतच नाही. चाचणीत सोप्यापासून अवघडापर्यंत सगळे थर हवेत. बहुतेक मुलांना 25 पैकी 23-24 पडत असतील, तर त्या चाचणीत वाढायला जागाच उरत नाही.

0.37 म्हणजे नेमकं किती?

वेगवेगळ्या चाचण्यांचे गुण एकाच मापात आणण्यासाठी प्रभावाचा आकार काढतात. दोन गटांच्या सरासरीतला फरक घ्यायचा आणि त्याला गुणांच्या पांगापांगीने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचं. एका गटाची सरासरी 15.6, दुसऱ्याची 14.4, प्रमाण विचलन 4, तर 1.2 भागिले 4, म्हणजे 0.3.

शंभर मुलं कमी गुणांपासून जास्त गुणांकडे अशी रांगेत उभी केली तर बरोबर मधलं मूल 0.37 ने साधारण 64 व्या जागी सरकतं, 0.1 ने 54 व्या. उणे 0.57 म्हणजे ते 28 व्या जागी घसरतं. मोठ्या, काटेकोर अभ्यासांत आणि सर्वसाधारण चाचण्यांवर 0.2 हा आकडासुद्धा मोठा समजला जातो. त्यामुळे कुणी 0.8 किंवा 1 चा दावा केला तर खूश होण्याआधी चाचणी कुणाची होती आणि तुलना गट काय करत होता, ते विचारावं.

आकड्याला वयही असतं. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, दोन मुलांत एक संगणक, अशा रीतीने गणिताचे खेळ दिले होते. पहिल्या वर्षी फायदा 0.35 आणि दुसऱ्या वर्षी 0.47 इतका आला. कार्यक्रम संपल्यावर वर्षाने तो 0.1 च्या आसपास उरला. फायदा खोटा नव्हता, पण पुढच्या वर्षी त्याला खतपाणी मिळालं नाही.

एका शाळेला हे करता येईल का?

काही प्रमाणात हो, पण मर्यादा ओळखून. शाळा सहसा असं करतात: अ तुकडीला टॅब, ब तुकडीला नाही, वर्षअखेरीस तुलना. यातून टॅबबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. अ आणि ब चे शिक्षक वेगळे, तासिकेची वेळ वेगळी, वर्गाचा स्वभाव वेगळा. मुलं 80 असली तरी तुलना एका वर्गाची एका वर्गाशी आहे.

यापेक्षा पालटापालटीची रीत बरी. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन घटक निवडा, उदाहरणार्थ अपूर्णांक आणि कोन. पहिले सहा आठवडे अपूर्णांक: अ सॉफ्टवेअरवर, ब कागदावर. पुढचे सहा आठवडे कोन: ब सॉफ्टवेअरवर, अ कागदावर. दोन्ही तुकड्यांना दोन्ही घटकांच्या चाचण्या द्या. सॉफ्टवेअरचा फायदा असेल तर अपूर्णांकात अ पुढे हवी आणि कोनात ब. अ दोन्हीकडे पुढे असेल तर तो वर्गाचा किंवा शिक्षकाचा परिणाम आहे.

कागदावरच्या तुकडीला वाऱ्यावर सोडू नका. तिला तेवढीच मिनिटं, तेवढ्याच अवघड गणितांचा सराव आणि चुका लगेच दाखवणारं कुणीतरी मिळालं पाहिजे. मिनिटांची नोंद खरी ठेवा. 35 मिनिटांच्या तासिकेत टॅब वाटणं, लॉगिन, विसरलेला पासवर्ड आणि उतरलेली बॅटरी यांत दहा मिनिटं गेली, तर सराव 25 मिनिटांचाच झाला. पूर्वचाचणी सुरुवात होण्याआधी घ्या. उत्तरचाचणी घटक संपल्यावर लगेच, आणि तिसरी सहा आठवड्यांनी, न सांगता. पेपर तपासणाऱ्याला कोणतं मूल कुठल्या गटातलं, हे माहीत नसावं. तिसरी चाचणी कंटाळून सोडून दिली जाते आणि खरं उत्तर त्याच चाचणीत असतं.

नशिबाचा भागही मोजावा लागतो. सॉफ्टवेअर एकेकट्याने वापरायचं असेल आणि मुलांचीच सोडत काढून 40-40 चे गट केले, तरी साधारण 0.4 पेक्षा लहान फरक साधनाचा की योगायोगाचा, हे सांगता येत नाही. पूर्वचाचणीचे गुण हिशेबात धरले तर ही मर्यादा 0.3 च्या जवळ येते. गट 200-200 चे असतील तर पूर्वचाचणीशिवायही ती 0.2 वर येते. पूर्ण वर्गांची किंवा शाळांची सोडत असेल तर बरेच जास्त वर्ग लागतात. म्हणून छोट्या प्रयोगात 'फरक दिसला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा लावू नये. चार-पाच शाळांनी एकच आराखडा वापरून आकडे एकत्र केले तर उत्तर बरंच धारदार होतं.

'मुलांना आवडतं, ते काय कमी आहे?'

आवड महत्त्वाची आहेच. हजेरी वाढली, शाळेची भीती गेली, तर ती नोंद स्वतंत्रपणे करा. पण नवलाई काही आठवड्यांत ओसरते, म्हणून आवडही दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तुर्कस्तानच्या अभ्यासातल्या ज्या विद्यार्थ्यांचं नुकसान झालं, त्यांना ते जाणवलंही नव्हतं. मुलाला विचारून त्याचं शिकणं कळत नाही.

'सगळं काही परीक्षेत मोजता येतं का?'

येत नाही. अंध मुलासाठी मजकूर वाचून दाखवणारं साधन, ऐकू न येणाऱ्या मुलासाठी चित्रफितीखाली येणारी वाक्यं: इथे सरासरी गुणांची वाट पाहत बसणं अन्यायाचं आहे. ते मूल आधी धड्यापर्यंत पोचतच नव्हतं आणि आता पोचतंय, एवढं पुरे. मात्र 'सर्जनशीलता वाढते', 'एकविसाव्या शतकाची कौशल्यं येतात' असा दावा असेल, तर ते कौशल्य दिसतं कसं हे दावा करणाऱ्याने आधी सांगावं. नाहीतर गुण वाढले नाहीत की हेच शब्द पुढे केले जातात.

'सोडत म्हणजे अर्ध्या मुलांवर अन्याय'

साधन उपयोगी आहे हे सिद्ध झालेलं असतं तर तसं म्हणता आलं असतं. गुजरातमध्ये शिकवण्याच्या वेळात संगणकावर बसवलेल्या मुलांचं नुकसान झालं, तेव्हा कोणत्या गटात असणं भाग्याचं हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय यंत्रं एकाच वेळी सगळ्यांना क्वचितच पुरतात. कुणाला आधी मिळणार हे वशिल्याने ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरलेलं बरं, आणि पालटापालटीच्या रीतीत तर प्रत्येकाची पाळी येतेच.

'अभ्यास होईपर्यंत सॉफ्टवेअरच बदलतं'

हा आक्षेप खरा आहे, खासकरून चॅटबॉटच्या बाबतीत. वर्षभराचा अभ्यास छापून येईपर्यंत दोन नव्या आवृत्त्या आलेल्या असतात. पण आवृत्ती बदलली तरी तिच्यामागची शिकवण्याची रीत तितक्या वेगाने बदलत नाही. थेट उत्तर देणं आणि इशारा देणं, शिक्षकाच्या वेळेत वापरणं आणि जास्तीच्या वेळेत वापरणं, इयत्तेचा धडा आणि मुलाच्या पातळीचा धडा: तपासायच्या जोड्या या आहेत, आणि एका आवृत्तीवर मिळालेलं उत्तर पुढच्या आवृत्तीलाही बऱ्यापैकी लागू पडतं. उरलेल्यासाठी बारा आठवड्यांची वर सांगितलेली पालटापालट दरवर्षी एकदा करावी. खरेदीच्या करारातही तिची सोय हवी: मुलांच्या वापराचा कच्चा तपशील, प्रत्येक उत्तराच्या वेळेसकट, शाळेला मिळेल, आणि सहा आठवड्यांनंतरच्या कागदी चाचणीचा निकाल पाहूनच पुढच्या वर्षाचे पैसे दिले जातील.